आगाऊ वर्गणी आणि न्यायाची वाट : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात विधिसेवेच्या पूर्वतरतुदीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आजारपण, अपघात, मृत्यू अथवा पीक बुडणे या संकटांसाठी आधीच काही रक्कम बाजूला ठेवण्याची पद्धत समाजाने फार पूर्वी स्वीकारली. न्यायालयीन वाद हे संकट मात्र अशा तरतुदीच्या बाहेरच राहिले. कोर्टाचा समन्स दारात आल्यावर पैशांची जुळवाजुळव सुरू होते. जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात किंवा नातेवाइकांकडे हात पसरावा लागतो. म्हणजे ज्या जमिनीसाठी दावा लढायचा, तीच जमीन दाव्याच्या खर्चासाठी गमवावी लागते, असा विपरीत प्रकार ग्रामीण भागात अनेकदा घडत आला आहे. यावर उपाय म्हणून पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात 'पूर्वदेय विधिसेवा योजना' उदयास आल्या. ठरावीक वर्गणी आगाऊ भरावी आणि गरज पडेल तेव्हा वकिलाचा सल्ला व साहाय्य मिळवावे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

प्रस्तुत लेखात या योजनांचा उगम व त्यांतील संरक्षणाचे प्रकार यांचा परामर्श घेऊन, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात विधिसेवेच्या पूर्वतरतुदीचा इतिहास तपासला आहे. विधिसेवेची आगाऊ तरतूद ही कल्पना या भागाला परकी नाही. ती संघटनेच्या आणि विम्याच्या रूपाने येथे पूर्वीच आली, परंतु ज्याला तिची सर्वाधिक गरज होती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वदेय विधिसेवा : संकल्पना व संरक्षणाचे प्रकार

पूर्वदेय विधिसेवेचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सभासदाला वकिलाचा प्राथमिक सल्ला, एखादे पत्र, साधा दस्तऐवज तपासून घेणे एवढ्याच सेवा वर्गणीत मिळतात. प्रत्यक्ष दावा चालवायचा झाल्यास शुल्क वेगळे द्यावे लागते. फार तर त्यात सवलत मिळते. दुसऱ्या प्रकारात संरक्षण व्यापक असते. मृत्युपत्र, खरेदीखत, कौटुंबिक वाद, दिवाणी दाव्यातील बचाव, काही मर्यादेपर्यंत फौजदारी प्रकरणे यांचा खर्च योजना उचलते. याखेरीज विधिखर्चाचा विमा हा एक स्वतंत्र प्रकार असून त्यात सेवा न देता ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाची भरपाई केली जाते.

कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना चार प्रश्न महत्त्वाचे ठरतात. वर्गणी भरण्यापूर्वी सुरू झालेला वाद तिच्या कक्षेत येतो का? सेवा सुरू होण्यास प्रतीक्षाकाळ आहे का? वकील निवडण्याचा अधिकार सभासदाचा की योजना चालविणाऱ्याचा? आणि खर्चाची कमाल मर्यादा ओलांडली गेल्यास पुढे काय? बहुतेक योजना जुने वाद वगळतात. विम्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण घर पेटल्यावर आगीचा विमा मिळत नाही. तथापि ज्या समाजाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, त्याच्यासाठी ही एकच अट संपूर्ण योजना निरुपयोगी ठरवू शकते.

पाश्चात्त्य देशांतील उगम

विधिखर्चाच्या विम्याचा आरंभ फ्रान्समध्ये मोटारींच्या प्रसाराबरोबर झाला. १९१७ मध्ये ले मान्स येथे मोटारधारकांना अपघातविषयक दाव्यांत संरक्षण देणारी संस्था स्थापन झाली. जर्मनीमध्ये १९२८ पासून हा विमा रुजला आणि पुढे तेथील सामान्य कुटुंबांत तो रूढ झाला. युरोपीय समुदायाने १९८७ च्या निर्देशाद्वारे विमेदाराला न्यायालयीन कामकाजासाठी आपला वकील निवडण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. विमा कंपनी व विमेदार यांच्या हितसंबंधांत विरोध निर्माण होऊ शकतो, याची ही कबुलीच होती.

अमेरिकेतील वाटचाल निराळी होती. तेथे ही कल्पना बाजारात येण्यापूर्वी संघटनांनी न्यायालयात झगडून मिळवली. वकिलांच्या संस्था अशा सामूहिक व्यवस्थेला व्यवसायनीतीचा भंग मानत असत. १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात, १९६४ मध्ये रेल्वे कामगारांच्या आणि १९६७ मध्ये खाणकामगारांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने संघटनेच्या माध्यमातून सभासदांना वकील मिळवून देण्याचा अधिकार उचलून धरला. १९७१ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे बांधकाम मजुरांच्या संघटनेसाठी योजना सुरू झाली. १९७३ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन मालकांना अशा निधीत वाटा उचलण्याची मुभा मिळाली. खासगी कंपन्यांनी दरमहा वर्गणीवर विकलेल्या योजनांचा विस्तार मुख्यतः यानंतरच्या काळातील आहे. प्रथम संघटना, नंतर बाजार हा क्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

कुलाबा जिल्हा : खटल्याचा भार कोणी वाहिला?

आजचा रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखला जात असे आणि खालापूर हा ब्रिटिश काळात कर्जत तालुक्याचा पेटा होता. या जिल्ह्याच्या इतिहासात न्यायालयीन संघर्षांची मोठी परंपरा आहे. त्यांचा भार कोणी व कसा वाहिला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ मध्ये पुण्यात खटला चालला, तेव्हा सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. सरकारचा रोष पत्करून केलेले हे कार्य थोर होते. परंतु व्यवस्था म्हणून पाहता ते एका व्यक्तीच्या धैर्यावर अवलंबून होते. असा वकील लाभला तर बचाव, न लाभला तर नाही.

महाड येथील चवदार तळ्याच्या खटल्याचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. महाडहून ठाणे आणि तेथून मुंबई उच्च न्यायालय असा प्रवास करीत तो १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्याचा साधा हक्क सिद्ध होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. प्रतिवादींपैकी एक स्वतःच बॅरिस्टर होते, ही या खटल्यातील असाधारण गोष्ट होती. ज्या वस्तीत असा बॅरिस्टर जन्मला नाही, तिने तीन न्यायालयांची पायरी कशी चढली असती, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात कुळांनी संप केला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. १९४८ च्या कूळकायद्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कुळे जमिनीची मानीव खरेदीदार ठरली. परंतु कलम ३२-ग प्रमाणे होणाऱ्या चौकशीत कूळ हजर राहिले नाही, अथवा त्याने जमीन घेण्यास नकार दिला, तर खरेदी निष्प्रभ ठरविण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. नंतरच्या दुरुस्त्यांनी अशा काही कुळांना पुन्हा संधी दिली, ही गोष्ट खरी. तरीही कायद्याने दिलेला हक्क केवळ एका तारखेस गैरहजर राहिल्याने जाऊ शकत होता. त्या कुळाला मोठ्या वकिलाची गरज नव्हती. नोटीस वाचून 'या दिवशी हजर राहा आणि हे सांगा' असा वेळेवर सल्ला देणारा कोणीतरी हवा होता.

पूर्वतरतुदीच्या तीन स्थानिक वाटा

कर्जत-खालापूर परिसरात पूर्वतरतुदीचे तीन प्रकार दिसून येतात. पहिला धान्यकोठीचा. माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे शिक्षणाने वकील होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. क्रांतिकारक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये यासाठी त्यांनी सुरू केलेल्या धान्यकोठीच्या कार्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. सुगीच्या दिवसांत कोठीत धान्य जमा करावयाचे आणि पावसाळ्याच्या तंगीत ते गरजूंना द्यावयाचे, हे तिचे तत्त्व. भुकेची वेळ येण्यापूर्वी केलेली ही सामूहिक तरतूद होय. ती उभारणारा कायद्याचा पदवीधर होता, हा योगायोग सूचक आहे. सावकाराच्या विळख्याची सुरुवात अनेकदा धान्याच्या उसनवारीने व शेवट न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होत असे. धान्यकोठी या साखळीची पहिली कडी तोडत होती. दाव्याच्या खर्चासाठी मात्र अशी कोठी निर्माण झाली नाही.

दुसरी वाट कामगार संघटनेची. १९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे खोपोली आणि पाताळगंगेच्या काठावरील रसायनी या पट्ट्यात कारखानदारी वाढली. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या कलम १५ ने संघटनेच्या सर्वसाधारण निधीतून कोणत्या बाबींवर खर्च करता येईल, हे ठरवून दिले होते. सभासदाच्या नोकरीविषयक हक्कांसाठी न्यायालयीन कारवाई करणे अथवा तिच्यात बचाव करणे ही त्यांपैकी एक बाब होती. म्हणजेच कामगार दरमहा जी वर्गणी भरत असे, तिचा काही अंश ही त्याची पूर्वदेय विधिसेवाच होती. तिला ते नाव कोणी दिले नाही, इतकेच. हा कायदा पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन करण्यात आला. मात्र या वाटेची मर्यादा स्पष्ट होती. संरक्षण नोकरीपुरते होते. कामगाराच्या गावाकडील जमिनीचा वाद त्यात येत नव्हता. आणि वीटभट्टीवर उचल घेऊन जाणारा कातकरी मजूर तर कोणत्याच संघटनेच्या पटावर नव्हता.

तिसरी वाट मोटार विम्याची. मुंबई-पुणे महामार्ग व २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग हे दोन्ही खालापूर तालुक्यातून जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येते आणि दावा प्राधिकरणापुढे कंपनीचा वकील उभा राहतो. वाहनधारकाने भरलेल्या हप्त्यात बचावाची तरतूद अशा रीतीने आधीच झालेली असते. ज्याला धडक बसली त्या पादचाऱ्याच्या कुटुंबाजवळ मात्र अशी कोणतीही तरतूद नसते. एकाच अपघातातील दोन बाजूंपैकी एकीचा वकील आधीच ठरलेला आणि दुसरीने तो दुखवट्याच्या दिवसांत शोधायचा, ही विषमता कायद्याने हेतुपुरस्सर निर्माण केलेली नाही. पण ती अस्तित्वात आहे.

शासकीय विधिसाहाय्य : कर हीच वर्गणी

वर्गणी भरण्याची ऐपत नसलेल्यांसाठी राज्यसंस्थेने जबाबदारी घ्यावी, हा विचार मुंबई प्रांतात लवकर मांडला गेला. १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने विधिसाहाय्य समिती नेमली. त्यापूर्वी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ प्रमाणे निर्धन व्यक्तीला कोर्ट फी न भरता दावा लावता येत असे. पण वकिलाची सोय त्यात नव्हती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट होऊन मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व बनले. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्याने कैद्याच्या विधिसाहाय्याचा हक्क अनुच्छेद २१ शी जोडला. १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला व तालुका विधिसेवा समितीपर्यंत पोहोचणारी यंत्रणा निर्माण झाली.

या अधिनियमाचे कलम १२ एखाद्या योजनेच्या संरक्षणपत्रकासारखे वाचता येते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, मानवी व्यापार वा वेठबिगारीचे बळी, तसेच सामूहिक आपत्ती, जातीय अत्याचार, पूर, भूकंप अशा संकटात सापडलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता विधिसेवा मिळते. इतरांसाठी राज्य शासन उत्पन्नमर्यादा ठरविते. येथे प्रतीक्षाकाळ नाही, जुना वाद वगळलेला नाही. विशेष म्हणजे कलम २ मधील व्याख्येनुसार 'विधिसेवा' म्हणजे केवळ खटला चालविणे नव्हे. कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला देणेही तिच्यात अंतर्भूत आहे. कागदावर पाहता जगातील अनेक पूर्वदेय योजनांपेक्षा हे संरक्षण अधिक व्यापक आहे, आणि त्याची वर्गणी जनतेने कराच्या रूपाने आधीच भरलेली आहे.

भारतात खासगी योजना का रुजल्या नाहीत?

अमेरिकेच्या धर्तीवरील योजना भारतात मोठ्या प्रमाणावर न रुजण्यामागे वकिली व्यवसायाचे नियमन हे एक महत्त्वाचे कारण दिसते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालील भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात वा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मार्गाने काम मिळविण्याचा प्रयत्न करता येत नाही. तसेच अधिवक्ता नसलेल्या व्यक्तीबरोबर शुल्काची वाटणी करता येत नाही. त्यामुळे वर्गणी गोळा करून वकील पुरविणाऱ्या कंपनीला फार अरुंद जागा उरते. दुसरीकडे, भविष्यातील अनिश्चित खर्चाची हमी हप्ता घेऊन देणे हा विमा ठरतो व त्यास विमा नियामकाची नोंदणी लागते. या निर्बंधांचा हेतू अशिलाचे रक्षण हा आहे, हे विसरता येणार नाही. तथापि त्यांचा एक परिणाम असा झाला की मध्यमवर्गीय शेतकरी, जो कलम १२ च्या कोणत्याही गटात बसत नाही आणि ज्याला दाव्याचा खर्चही झेपत नाही, तो दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत अडकून राहिला.

कर्जत-खालापूरची गरज

मुंबई व पुणे या महानगरांच्या मधोमध असल्याने या दोन तालुक्यांत जमिनीला मोठी मागणी आली आहे. फार्महाउस, गृहप्रकल्प, रस्ते यांसाठी व्यवहार होत असताना वाद सर्वप्रथम न्यायालयात नव्हे, तर महसुली दप्तरात जन्म घेतो. वारसनोंदीत राहिलेले बहिणीचे नाव, न कळता झालेला फेरफार, नीट न वाचता केलेले कुलमुखत्यारपत्र ही त्याची नेहमीची रूपे आहेत. फेरफारावर हरकत घेण्यास मुदत थोडी असते. ती टळली की साध्या अर्जाने सुटणारा प्रश्न अपिलात आणि पुढे दिवाणी दाव्यात जातो.

कातकरी वाड्यांची स्थिती याहून बिकट आहे. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर वसल्या आहेत, ती जागा सातबारावर दुसऱ्याच्या नावे आहे. जमिनीचा भाव नाममात्र होता तोवर कोणी हरकत घेतली नाही. भाव वाढताच घराखालची जमीन वादग्रस्त ठरली. १९७४ च्या कायद्यांनी आदिवासींच्या जमीन हस्तांतरणावर निर्बंध आणले, परंतु ज्याच्या नावे जमीन कधी लागलीच नाही, त्याला त्या निर्बंधांचा उपयोग काय? त्यासाठी गावठाण निश्चितीची मागणी वेळीच व कागदोपत्री करावी लागते. ही गरज खटल्याची नसून खटल्यापूर्वीच्या सल्ल्याची आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते व ५७ जण बेपत्ता होते. बेपत्ता व्यक्तीच्या बाबतीत मृत्यूचे गृहीतक धरण्यास पुराव्याच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे सात वर्षांचा काळ जावा लागतो. अशा आपत्तीत शासनाला विशेष निर्णय घ्यावा लागतो आणि मृत्यूचा दाखला, वारस, अनाथ बालकांचे पालकत्व, बँक खाते असे प्रश्न वाचलेल्यांपुढे एकाच वेळी उभे राहतात. ही वाडी ठाकर आदिवासींची होती. अनुसूचित जमात म्हणून कलम १२ चे संरक्षण तेथील प्रत्येकाला त्या रात्रीपूर्वीच लागू होते आणि त्या रात्रीनंतर ते आपद्ग्रस्त म्हणूनही लागू झाले. परंतु हक्क असणे आणि त्याची माहिती असणे यांत अंतर असते.

२००९ च्या योजनेतून आलेले विधिसेवा स्वयंसेवक आणि २०११ च्या विनियमांनी आखलेली विधिसेवा केंद्रे यांचा उद्देश हे अंतर कमी करण्याचा आहे. २०२२ च्या योजनेने फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ मानधनावरील वकिलांची व्यवस्था आणली. दिवाणी व महसुली सल्ल्यासाठी तशीच तरतूद करणे उपयुक्त ठरेल. महाविद्यालयांची भूमिकाही येथे महत्त्वाची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सातबारा व फेरफार वाचण्याचे शिक्षण देणे, वाडीनिहाय कागदपत्रांची यादी करणे आणि तालुका समितीकडे अर्ज पोहोचविणे ही कामे कायद्याची पदवी नसलेल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगी आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की पूर्वदेय विधिसेवेचे बळ वर्गणीच्या रकमेत नसून ती भरणाऱ्यांच्या संघटित असण्यात आहे. अमेरिकेतील खाणकामगार आणि खोपोली पट्ट्यातील संघटित कामगार यांना संरक्षण मिळाले ते याच कारणाने. कर्जत-खालापूरमधील कूळ, कातकरी आणि दरडग्रस्त ठाकर हे मात्र संघटना व विमा या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिले. आणि शासनाने त्यांच्यासाठी केलेली तरतूद समन्स आल्यानंतरच आठवली जाते. बचत गट, सहकारी संस्था व ग्रामसभा यांनी सल्ल्यापुरता लहानसा सामूहिक निधी उभारला आणि तो तालुका विधिसेवा समितीशी जोडला, तर मधल्या फटीत अडकलेल्या शेतकऱ्यालाही आधार मिळू शकेल. भाई कोतवालांच्या धान्यकोठीने भुकेच्या बाबतीत हेच तत्त्व याच मातीत आचरणात आणले होते. आषाढात धान्य हवे असेल तर ते पौषात कोठीत पडले पाहिजे, हे ज्या समाजाला सांगावे लागत नाही, त्याला कायद्याच्या सल्ल्याची आगाऊ तरतूद समजावून देणे अवघड नाही.